रक्त पातळ असल्याची बातमी

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता, बोरिवलीतल्या राहत्या घरी माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्याची खालची अर्धी दृष्टी गेली. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही. त्या वेळी ती खिडकीपाशी पाटावर नथीचं सामान मांडून बसली होती.

ती घरी नथी बनवते. बारीक तारेत मोती ओवायचे, तार वळवायची, मधोमध लाल खडा बसवायचा. हे काम ती अठरा वर्षं करते आहे. त्या सकाळी तार मोत्याच्या भोकात जाईना. दोनदा चुकल्यावर तिने एकेक डोळा झाकून पाहिला. डावा झाकला तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं, त्याच्याखाली टांगलेलं कॅलेंडर दिसलं नाही. वेळ नेमकी सांगता येते ती त्या घड्याळामुळे.

तिने तोंड धुतलं, चष्मा पुसला, चहा केला. पावणेआठला मला मुलुंडला फोन केला.

“दादा, कॅलेंडर गायब झालंय,” ती म्हणाली.

मला वाटलं, कोणीतरी नेलं. पूर्ण हकिगत समजायला दोन-तीन प्रश्न विचारावे लागले. तिचे यजमान मालवाहू बोटीवर असतात आणि तेव्हा दूर समुद्रात होते. मुलं नाहीत. सोबत जायला मीच होतो.

बोरिवलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अकरा वाजता पाहिलं आणि त्याच दिवशी अंधेरीला पडद्याच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा थर, ज्यावर चित्र उमटतं. दुपारी तीनला तिथे तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. त्यांनी संगणकावर पडद्याचा फोटो दाखवला. एका बाजूची रक्तवाहिनी फिकी, दोऱ्यासारखी झाली होती. तिच्यात गुठळी अडकली होती. तेवढ्या भागाला रक्त मिळालं नव्हतं. गेलेला भाग परत येण्याची शक्यता फार कमी आहे, हे त्यांनी न टाळता सांगितलं.

“एकोणचाळिसाव्या वर्षी असं होत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे होतं, पण कारण असतं. ते शोधायला हवं. दुसरा डोळा आहे.”

त्या दिवसापासून प्रश्न एवढाच होता. डावा डोळा.

साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हृदयाची सोनोग्राफी, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी या तपासण्या आठ दिवसांत झाल्या. सगळ्या ठीक आल्या. बहिणीला त्याचा राग आला. ती म्हणाली, “सगळं झकास आहे तर मग मला दिसत का नाही? नापास झाले असते तर बरं झालं असतं.”

तपासण्यांचे कागद घेऊन आम्ही घाटकोपरला एका फिजिशियनकडे गेलो. जाण्यापूर्वी मी एक पान टाइप केलं होतं. मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं, तारखा जुळवणं, न पडताळलेलं वाक्य कापणं हे माझं बावीस वर्षांचं काम. डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून मी बहिणीच्या तब्येतीचा इतिहास क्रमाने मांडला. वरून पहिली ओळ अशी होती : ‘रक्त पातळ असल्याची जुनी तक्रार.’

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बहीण बाविसाव्या वर्षी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली होती, तेव्हा रक्त पातळ म्हणून ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं होतं. तेव्हापासून आई, जी मूळची मालवणकडची आणि आता माझ्याकडे मुलुंडला असते, प्रत्येक डॉक्टरला, शेजारणीला आणि लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनाही ते सांगत आली. “तिचा रगात पातळ आसा,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या उंचीसारखं किंवा रंगासारखं झालं होतं. बहीण आमच्याकडे आली की आई तिला नाचणी, हळीव आणि दोन वेळा पालेभाजी खायला घाली. रक्त घट्ट व्हावं म्हणून.

घाटकोपरचे डॉक्टर पान वाचून थांबले. गुठळी अडकलेली आहे म्हटल्यावर ते रक्त पातळ करणारी गोळी लिहिणार होते. तेवढं त्यांनी आम्हाला सांगितलंही. मग त्यांनी पहिल्या ओळीवर पेन ठेवलं.

“आधीच पातळ असेल तर ही गोळी देणं धोक्याचं,” ते म्हणाले. “आधी रक्ताच्या एक-दोन तपासण्या करू. तोवर थांबू.”

त्यांना जी माहिती दिली होती तिच्यावरून ते बरोबर बोलत होते. माहिती मी दिली होती.

सांगितलेल्या तपासण्यांत पेशींची संख्या नीट होती. गोठण्याच्या तपासणीत एका मोजणीत लागलेली वेळ थोडी जास्त आली. तक्रार खरी ठरली असं आम्ही धरलं, आणि गोळी सुरू झाली नाही. दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी, बहीण शेजारच्या दुकानात धने घेत असताना डाव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. तिने काउंटरला धरून मनात आकडे म्हटले. एकशे दहापर्यंत पोचली तेव्हा पडदा गेला. दुकानदाराला तिने काही सांगितलं नाही. धने घेऊन घरी आली आणि मग मला फोन केला. त्या फोनमध्ये विनोद नव्हता.

अंधेरीच्या पडद्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं. डावा डोळा आतून स्वच्छ होता.

“आता हे माझ्या हातातलं काम नाही,” ते म्हणाले. “डोळ्यात दिसलं, पण आजार डोळ्याचा नाही. शरीर स्वतःच्याच विरुद्ध काहीतरी तयार करतंय, असा मला संशय आहे. त्याने गुठळ्या होतात. रक्तविकाराच्या तज्ज्ञांना दाखवा, नाहीतर संधिवाताच्या. पण या आठवड्यात दाखवा.”

रक्तविकाराच्या तज्ज्ञांची वेळ चौथ्या दिवशी मिळाली, बोरिवलीतच. आम्ही जिन्यापर्यंत गेलो. दाराच्या पाटीवर ‘रक्तविकार व कर्करोग’ असं लिहिलेलं होतं. आत डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. बहीण पायरीवरच थांबली.

मी सांगितलं की दोन्ही विषय एकाच शिक्षणात येतात, पाटीचा अर्थ तिला कर्करोग आहे असा होत नाही. ती म्हणाली तिला ते कळतं.

“पण मी त्या पाटीखाली बसणार नाही. बाकी कुठे पण ने.”

मी आग्रह केला नाही. करायला हवा होता की नाही याचा निर्णय मला अजून देता येत नाही. त्यानंतर वेळ मिळाली ती मुलुंडच्या संधिवाततज्ज्ञ बाईंची, आणखी पाच दिवसांनी. मध्ये डाव्या डोळ्यापुढे एकदा पुन्हा पडदा आला. या वेळी तिने साठपर्यंत मोजलं. अंधेरीच्या डॉक्टरांना कळवलं. पुन्हा झालं आणि गेलं नाही तर मिनिट न घालवता इस्पितळात जा, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर मुलुंडच्या वेळेपर्यंत ती आकडे म्हणायच्या तयारीतच होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी तिला माझ्याकडे आणायला गेलो. गोरेगावला उतरून आम्ही आरे कॉलनीतून जाणारी बस घेतली. तिला डाव्या बाजूची खिडकी हवी होती. रस्त्यात ती एकेक डोळा झाकून पाहत होती, हे मला दिसत होतं. तबेल्यांपाशी बस थांबली तेव्हा म्हणाली, “उजव्याने बघितलं की म्हशींना पाय नसतात.”

थोड्या वेळाने म्हणाली, “आणि मला सांग, डोळा घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं, हे कोणाला सांगितलं तर हसतील ना?”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाठीमागच्या खोलीतून डॉक्टरबाई रुग्णांना एकेक करून बोलावत होत्या. बाहेर बसलेले बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, काठ्या आणि पट्टे असलेले. शेजारी बसलेल्या आजींनी बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“एवढ्या तरुण, तुमचे गुडघे गेले?”

“डोळा गेलाय, आजी.”

“मग चुकलात. डोळ्याचा पहिल्या मजल्यावर,” आजी म्हणाल्या, आणि आम्ही उठत नाही असं पाहून पुन्हा म्हणाल्या, “लिफ्ट आहे.”

आत डॉक्टरबाईंनी आधी बहिणीचे हात पाहिले, मग दंड, मग पोटऱ्यांवरची त्वचा. पोटरीवर जाळीसारख्या फिकट जांभळ्या रेषा होत्या. बहिणीच्या मते ते थंडीचे डाग. डॉक्टरांनी त्याची नोंद केली. मग त्यांनी माझं पान घेतलं आणि पहिल्याच ओळीभोवती गोल काढला.

“हे कोणी सांगितलं?”

“आईने,” मी म्हणालो.

“आईला कोणी सांगितलं?”

“इस्पितळात. सतरा वर्षांपूर्वी.”

“कोणी? डॉक्टरांनी? नर्सने? काय शब्दांत?”

आईला मी हे कधी विचारलं नव्हतं. हेच प्रश्न मी रोज वार्ताहरांना विचारतो.

“तेव्हाचा कागद आहे?”

मी म्हणालो, पाहायला लागेल. त्यांनी बहिणीला विचारलं, ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं होतं का. नाही. दात काढला तेव्हा? नाही. कापलं तर थांबत नाही असं होतं का? बहिणीने बोटं पुढे केली. नथीची तार टोचल्याचे बारीक डाग होते. “रोज टोचतं. चोखलं की थांबतं.”

“मग पातळ कसं?” डॉक्टर म्हणाल्या. बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

पुढचा प्रश्न त्यांनी पेन खाली ठेवून विचारला. “दिवस किती वेळा गेले होते?”

मी बाहेर थांबतो असं म्हणून उठलो. बहीण म्हणाली, “बस रे. कुठे जातोस.” मग डॉक्टरांना म्हणाली, “तीन वेळा. एकदाही तिसऱ्या महिन्यापुढे गेलं नाही.”

माझ्या पानावर दोन लिहिलं होतं. मला दोनच माहीत होत्या. आईलाही.

तोपर्यंत दाखवलेल्या तीन डॉक्टरांपैकी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. डोळ्यासाठी आलेल्या बाईला तो विचारायचं कारण त्यांना दिसलं नसेल.  डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्यात तुमचं काही चुकलं नव्हतं, हे आज सांगून ठेवते. बाकीचं रिपोर्ट आल्यावर.”

बहिणीने मान हलवली. पर्सची चेन उघडली, बंद केली.

डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला दोन चित्रं काढली, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. काही लोकांच्या रक्तात असे घटक तयार होतात, त्या म्हणाल्या, की तपासणीच्या नळीत रक्त गोठायला उशीर लागतो. ते पाहून वाटतं, रक्त पातळ आहे. पण शरीरात तेच घटक उलट काम करतात. तिथे गुठळी लवकर होते. डोळ्यात होते, पायात होते, गर्भाला पोसणाऱ्या वारेतही होते.

“नळीत उशिरा, अंगात लवकर,” त्या म्हणाल्या. “नळीचं ऐकलं तर माणूस फसतो.”

या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. आधी रक्त द्यायचं आणि मग औषध सुरू करायचं, हा क्रम त्यांनी दोनदा सांगितला, कारण औषध आधी घेतलं तर तपासणी बिघडते. तीन तपासण्यांसाठी रक्त त्याच इमारतीत तळमजल्यावर दिलं. त्याच दुपारी पोटात घ्यायचं गुठळीविरोधी इंजेक्शन सुरू झालं.

त्या संध्याकाळी मी आईकडे जुन्या कागदांची मागणी केली. ते तिच्या कपाटात, लग्नपत्रिका आणि शिधापत्रिकेसोबत एका साडीच्या खोक्यात होते. सतरा वर्षांपूर्वीचा पिवळट रिपोर्ट मिळाला. त्यावर ‘पातळ’ हा शब्द कुठेही नव्हता. गोठण्याला लागलेले सेकंद होते, शेजारी निरोगी माणसाचे सेकंद होते, आणि खाली एका ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं की वेळ वाढलेली आहे, पुढील तपासणी करावी. ती झाली नव्हती. ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि कागद खोक्यात गेला.

मी आईला विचारलं, तेव्हा नेमकं काय सांगितलं होतं. तिला आठवत होतं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी दारात येऊन म्हणाली होती, गोठायला वेळ लागतोय, आज नको, उद्या करू. डॉक्टर होती की नर्स, ते आईने विचारलं नव्हतं. गोठायला वेळ लागतो म्हणजे पातळ, हे आईने स्वतः केलेलं भाषांतर होतं. सोलकढी पातळ, पेज पातळ, तसं रगात. मी तिला चित्र काढून दाखवलं, डॉक्टरांनी काढलं होतं तसं. 

“म्हंजे इतकी वर्सां मी तिचा रगात घट्ट करीत होतंय?”

मी म्हणालो, तसं काही नसतं.

“तू डॉक्टर मां? डॉक्टरांका इचारलंस?”

विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की नाचणीने, हळिवाने किंवा पालेभाजीने हा आजार होत नाही, वाढतही नाही. मी फोन आईच्या कानाला लावला आणि त्यांना ते पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. आई फोनवर फक्त “बरां” म्हणाली. बहीण आतून ओरडली, “ए आई, माझी हळिवाची खीर बंद करू नकोस हां मग.”

आणखी एक गोष्ट मी त्याच फोनवर विचारली. घाटकोपरला गोळी सुरू झाली असती तर डाव्या डोळ्यापुढचा पडदा टळला असता का. त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही.

तिन्ही तपासण्यांचा निकाल आठव्या दिवशी आला. तिन्ही पॉझिटिव्ह होत्या. इंजेक्शनसोबत गोळी सुरू झाली आणि रक्त गोठण्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आल्यावर इंजेक्शन थांबलं. गोळी कायमची आहे. पालेभाजी चालते, पण रोज साधारण सारखीच हवी, कारण तिच्यामुळे गोळीचा परिणाम कमीजास्त होतो. आईने यासाठी एक वाटी ठरवली आहे. बहीण मुलुंडला आली की भाजी त्याच वाटीने मोजली जाते.

निदान पक्कं होण्यासाठी बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं. गोळी चालू असताना एका तपासणीचा भरवसा नसतो, म्हणून दोनच पुन्हा केल्या. दोन्ही पुन्हा पॉझिटिव्ह आल्या.

मधल्या काळात बहिणीने काम सोडलं नव्हतं, पण नथी बिघडत होत्या. पाट मांडीपुढे ठेवला की हात फक्त डाव्या डोळ्याला दिसत, आणि एका डोळ्याने तार किती लांब आहे हे कळत नसे. फेब्रुवारीत तिने पाट दोन पिठाच्या डब्यांवर ठेवला. आता हात नजरेच्या वर येतात, जिथे उजव्या डोळ्यालाही दिसतं. हा उपाय कोणी सुचवलेला नव्हता. तिने फोन करून सांगितलं, तेव्हा मी तो डॉक्टरांना सांगण्यासाठी लिहून घेतला.

“आणि एक,” ती म्हणाली. “आज तार टोचली तर पाच मिनिटं थांबेचना. आता खरंच पातळ झालंय रे. आता छाप.”

माझ्या फाइलमधलं पान मी बदललं आहे. पहिली ओळ काढून तिथे आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि डॉक्टरबाईंचा क्रमांक आहे. दोनच्या जागी तीन आहे. जुनं पान मागे लावलेलं आहे.

दृष्टीची शेवटची मोजणी गेल्या महिन्यात अंधेरीला झाली. यात प्रत्येक डोळ्याला कुठे दिसतं आणि कुठे नाही याचा नकाशा कागदावर निघतो. उजव्या डोळ्याच्या नकाशाचा खालचा अर्धा भाग पहिल्या दिवसाइतकाच काळा होता. गुठळीविरोधी औषध सुरू झाल्यापासून डाव्या डोळ्यापुढे पडदा आलेला नाही. डाव्या डोळ्याच्या नकाशात काळं काही नव्हतं.